कीटण, केमिस्ट्री आणि टूथपेस्ट

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात कविता भरपूर येतात. पावसावरच्या, मैत्रीवरच्या आणि अर्थातच ‘ती’च्यावरच्या. टेक्निकल लेख मात्र सगळे इंग्लिश विभागात पळतात. म्हणून या वेळी संपादकांनी फर्मान काढलं की केमिकलवाल्यांनी मराठीत काहीतरी ‘कामाचं’ लिहायचं. आता मी पडले कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे शाळेतले आठवड्याचे मोजके तास आणि घरी आईची खाल्लेली बोलणी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या आणि विषयाकडे बघा.

विषय आहे दातांवरचं कीटण, म्हणजेच टार्टर. ते साचू नये म्हणून टूथपेस्टमध्ये काय काय घालतात, ती द्रव्यं नेमकं काय करतात आणि (हे जास्त महत्त्वाचं) काय करू शकत नाहीत, ते बघू.

तुम्ही म्हणाल, हा डेंटलवाल्यांचा प्रांत, आपला इथे काय संबंध? संबंध चांगलाच आहे. हीट ट्रान्सफर शिकताना आपण ‘फाउलिंग फॅक्टर’ घोकतो. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमध्ये क्षारांचा थर बसतो, उष्णता जाईनाशी होते, शेवटी प्लँट बंद करून नळ्या खरवडाव्या लागतात. हॉस्टेलच्या बादलीत टाकायच्या हीटरची कॉइल आठवा. बोअरच्या पाण्यात दोन महिन्यांत तिच्यावर पांढरं कवच चढतं. आपल्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून बघा. बऱ्याच जणांना तिथे काहीतरी खरखरीत लागेल. ते त्याच कॉइलवरच्या कवचाचं चुलत भावंडं आहे.

कीटण म्हणजे नक्की काय?

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच दातांवर लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा बसतो. त्यावर बॅक्टेरिया येऊन चिकटतात, आपली वसाहत थाटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करतात. हा झाला प्लाक. सकाळी उठल्यावर दातांवर जो बुळबुळीत थर लागतो तो हाच. तो मऊ असतो, ब्रशने निघतो.

हे बॅक्टेरिया पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडच्या अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी. कापडाचा व्यापारी माणूस, पण हौसेने भिंगं घासायचा. १६८३ साली त्यांनी स्वतःच्या दातांमधला पांढरा थर काढून भिंगाखाली धरला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की यात बारीक बारीक जीव वळवळतायत. गंमत म्हणजे ते रोज मिठाने दात घासायचे, तरी त्यांच्या तोंडात हे पाहुणे होतेच.

हा मऊ थर तसाच राहिला तर एक-दोन दिवसांत त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक धरायला लागतात. साधारण दोन आठवड्यांत तो चांगला कडक होतो. हेच कीटण. त्यातला बहुतेक भाग, साधारण ७० ते ८० टक्के, खनिज असतो. पहिल्यांदा ब्रशाइट नावाचं खनिज तयार होतं, मग ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट आणि जुनं झाल्यावर हायड्रॉक्सिअपेटाइट. आता हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, तेही याच हायड्रॉक्सिअपेटाइटचं असतं. दात आणि दातावरचा कचरा, दोघांची केमिस्ट्री जवळजवळ एकच! सगळी पंचाईत इथेच आहे, पुढे कळेलच.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत होती. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘दंतशर्करा’ येते. शर्करा म्हणजे इथे साखर नव्हे, खडे किंवा वाळू. आणि ती खरवडून काढायला ‘दंतशंकु’ नावाचं शस्त्रही सांगितलंय. म्हणजे ‘खरवडून काढणे’ हा उपाय काही आजकालच्या डेंटिस्टनी बिल वाढवायला शोधलेला नाही.

लाळ : तोंडातलं हार्ड वॉटर

लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतात. इतके, की आपल्या भाषेत ते ‘सुपरसॅच्युरेटेड’ द्रावण आहे. हे चांगलंच आहे, कारण त्यामुळे इनॅमल विरघळत नाही आणि झीज झाली तर थोडीफार भरूनही निघते. मग सगळं तोंडच दगड का होत नाही? कारण लाळेत स्टॅथेरिनसारखी प्रथिनं असतात, जी स्फटिकांना वाढू देत नाहीत. निसर्गाने आपला अँटीस्केलंट आधीच घालून ठेवलाय.

पण प्लाकच्या थरात या प्रथिनांचं फारसं चालत नाही. शिवाय एक भन्नाट गोष्ट घडते. लाळग्रंथीच्या आत लाळेमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला असतो. लाळ नळीतून तोंडात आली, हवा लागली, की तो वायू उडून जातो (सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखा) आणि पीएच वाढतो. पीएच वाढला की कॅल्शियम फॉस्फेट द्रावणात राहायला तयार नसतं, खाली बसतं. पाणी तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॉइलवर कॅल्शियम कार्बोनेट बसतं, तीच ही गोष्ट. फक्त इथे कार्बोनेटच्या जागी फॉस्फेट.

यावरून एक प्रश्न सुटतो. कीटण सगळ्या दातांवर सारखं का नसतं? जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे उघडतात. गालातल्या मोठ्या ग्रंथीचं तोंड वरच्या दाढांसमोर. ताजी लाळ जिथे येते तिथे स्केल! म्हणून कीटण सगळ्यात जास्त कुठे? खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. आणि आपण ब्रश सगळ्यात जोरात कुठे फिरवतो? समोर, आरशात दिसतात तिथे.

आमच्या घरातली केस स्टडी

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो सिलॅबसमधून नाही, बाबांमुळे. बाबा ५१ वर्षांचे. रोज दोनदा दात घासणार, पान-तंबाखू काही नाही. पण डेंटिस्टकडे जायचं नाव काढलं की एकच उत्तर, “क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात. आमच्या ऑफिसातल्या एकाचं तेच झालं.” खालच्या दातांच्या मागे पिवळा थर दिसायला लागला तेव्हा त्यांनी दुकानातून ‘टार्टर कंट्रोल’ लिहिलेली महागडी पेस्ट आणली आणि सहा महिने निष्ठेने वापरली. थर होता तिथेच. हिरड्यांतून रक्त यायचं, तेही चालूच. पुढचा एक दात हलायला लागला तेव्हा आई त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

मी सोबत होते. बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “डॉक्टर, सहा महिने टार्टरवाली पेस्ट वापरतोय हो मी.” डॉक्टर मॅडम हसल्या. म्हणाल्या, “काका, पेस्टने नवीन थर हळू बसतो. बसलेला कसा निघेल? तुमचा हा थर सहा महिन्यांचा नाही, सहा-सात वर्षांचा आहे.”

तो दात वाचला नाही. आजूबाजूचं हाड खूप खाली गेलं होतं. बाबांना आता तिथे खोटा दात बसवलाय आणि फोटोत ते तोंड मिटून हसतात.

डॉक्टर मॅडमचं ते एक वाक्य म्हणजे या लेखाचा सगळा सारांश. आपल्या भाषेत सांगायचं तर अँटीस्केलंट वेगळा आणि डीस्केलंट वेगळा. पहिला थर बसू देत नाही, दुसरा बसलेला काढतो. टूथपेस्टमध्ये पहिलाच असतो, दुसरा नसतो. का नसतो, त्याचं कारण वर येऊन गेलं. बॉयलरमध्ये आपण ॲसिड घालून स्केल विरघळवतो, कारण स्केल एका पदार्थाचं आणि नळी दुसऱ्या. तोंडात स्केलही कॅल्शियम फॉस्फेटचं आणि ‘नळी’ही कॅल्शियम फॉस्फेटची. कीटण विरघळवेल असं कुठलंही ॲसिड दातही विरघळवेल. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला सुरुवात होते आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यामुळे ‘लिंबू आणि मीठ चोळा, कीटण गायब’ असे जे घरगुती उपाय फिरत असतात ते कृपा करून करू नका. कीटण राहील, इनॅमल जाईल.

पाण्याच्या टाकीतून टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. १९३० च्या दशकात अमेरिकेत पाणी मऊ करायला ‘कॅल्गॉन’ नावाचं रसायन आलं. कॅल्शियम ‘गॉन’, म्हणून कॅल्गॉन! ते म्हणजे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. मग लक्षात आलं की सगळं कॅल्शियम पकडून ठेवण्याइतकं ते घालायची गरजच नाही. दहा लाख भाग पाण्यात त्याचे दोन-चार भाग असले तरी स्केल धरत नाही. याला ‘थ्रेशोल्ड इफेक्ट’ म्हणतात.

एवढ्याशा मात्रेत काम कसं होतं? समजा वीटकाम चालू आहे. सगळ्या विटा पळवायची गरज नसते, गवंडी जिथे पुढची वीट ठेवणार त्या जागेवर जाऊन बसलं की पुरे. स्फटिक कुठूनही वाढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात, तिथेच नवे आयन येऊन चिकटतात. पॉलिफॉस्फेटचा रेणू नेमक्या त्या जागा अडवून बसतो. काम बंद!

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हर्बर्ट फ्लाइश या स्विस डॉक्टरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की आपल्या रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट असतं आणि ते शरीरात कॅल्शियम फॉस्फेटला नको तिथे बसू देत नाही. म्हणजे पाण्याच्या टाकीतली युक्ती शरीर आधीपासून वापरत होतं. त्यातूनच पुढे बिसफॉस्फोनेट ही औषधं निघाली, जी आज हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांना देतात. त्यातलं सुरुवातीचं एक औषध एटिड्रोनेट. आणि आपण कूलिंग टॉवरच्या पाण्यात ‘एचईडीपी’ घालतो ना? तेच ते. इंडस्ट्रियल व्हिजिटला ज्या निळ्या ड्रमजवळ उभं राहून आपण फोटो काढले, त्याच्या आतला रेणू हाडांचं औषध आहे! हे कुठल्याही सरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

हीच युक्ती टूथपेस्टमध्ये मोठ्या प्रमाणावर आली १९८५ साली, जेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत ‘क्रेस्ट टार्टर कंट्रोल’ बाजारात आणली. त्यात होतं विरघळणारं पायरोफॉस्फेट.

ट्यूबच्या मागे काय लिहिलंय?

उद्या सकाळी दात घासताना ट्यूब उलटी करून वाचा. (भिंग लागेल, अक्षरं मुंगीएवढी असतात.) पुढच्या बाजूला जे मोठ्ठ्या अक्षरांत असतं ते मार्केटिंग, मागे असतं ते इंजिनिअरिंग. कीटणाच्या विरोधात काम करणारी मंडळी ही :

१) पायरोफॉस्फेट. लेबलवर टेट्रासोडियम पायरोफॉस्फेट किंवा डायसोडियम पायरोफॉस्फेट. हा संघातला ओपनिंग बॅट्समन. स्फटिकाच्या वाढीच्या जागा अडवतो. पण लाळेत आणि प्लाकमध्ये फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स असतात, ती पायरोफॉस्फेटचा मधला बंध तोडतात आणि त्याचं साधं फॉस्फेट करतात, ज्याचा या कामाला उपयोग शून्य. म्हणून बऱ्याच पेस्टमध्ये त्याच्या जोडीला एक पॉलिमर घालतात. त्याचं नाव लेबलवर पीव्हीएम/एमए कोपॉलिमर असं असतं. तो त्या एन्झाइम्सना रोखतो.

इथे एक बारीक गोम आहे. साध्या पेस्टमध्येही कधी कधी थोडंसं टेट्रासोडियम पायरोफॉस्फेट असतं, पण ते पेस्ट नीट टिकावी म्हणून. कीटण रोखायचं तर ते साधारण ३ ते ५ टक्के लागतं. तेव्हा नुसतं नाव दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही, यादीत ते वर आहे की शेपटाला, तेही बघायचं.

२) सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. आपलं जुनं कॅल्गॉनच. पायरोफॉस्फेटमध्ये दोन फॉस्फेट एकत्र असतात, इथे लांबलचक साखळी. त्यामुळे ते दाताला जास्त ठिकाणी धरून ठेवतं आणि चहा-कॉफीचे डागही कमी बसू देतं. अडचण एकच. पाण्यात राहिलं तर ही साखळी हळूहळू तुटते. म्हणून अशा पेस्टमध्ये पाणी कमी ठेवावं लागतं.

३) जस्ताचे क्षार. झिंक सायट्रेट, झिंक लॅक्टेट, झिंक क्लोराइड. जस्ताचा आयन दोन कामं करतो. एक, कॅल्शियमच्या जागी घुसून स्फटिकाची वाढ बिघडवतो. दोन, बॅक्टेरियांना आवरतो, म्हणजे मुळात प्लाकच कमी. वर तोंडाचा वास येतो त्या गंधकाच्या वायूंना बांधून टाकतो, हा बोनस. (ग्रुप डिस्कशनला जाताना उपयोगी.)

४) स्टॅनस फ्लोराइड. कथिलाचा क्षार. फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं आणि कथिल बॅक्टेरियांवर काम करतं. प्लाक कमी तर कीटणाला कच्चा माल कमी. हेक्झामेटाफॉस्फेटबरोबर याची जोडी चांगली जमते.

५) ट्रायक्लोसॅन. हा आता माजी खेळाडू. हे जंतुनाशक बरीच वर्षं पॉलिमरच्या जोडीने टूथपेस्टमध्ये असायचं आणि प्लाकवर त्याचा उपयोगही दिसला होता. पण त्याच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न उठले. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांमधून ते काढायला सांगितलं. टूथपेस्टवर ती बंदी नव्हती, तरी २०१९ साली अमेरिकेतल्या ‘कोलगेट टोटल’मधून ते काढून त्या जागी स्टॅनस फ्लोराइड आलं.

आता जे कीटणासाठी नसतात पण लोकांना तसं वाटतं ते दोन. एक साधं फ्लोराइड. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट. ते किडीसाठी आहे आणि फार मोलाचं आहे, पण कीटण थांबवणं हे त्याचं काम नव्हे. दुसरी घासणारी पूड. कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजे खडूच) किंवा सिलिका. ती मऊ प्लाक आणि डाग काढते, कडक कीटण नाही. कीटण काढेल इतकी खरखरीत पूड घातली तर दातांचं काय होईल, विचार करा. म्हणून पेस्ट किती घासते याचं एक मोजमाप ठरलंय, आरडीए, आणि आंतरराष्ट्रीय मानकात त्याची वरची मर्यादा २५० आहे.

या पुडीवरून अँटी-टार्टर पेस्ट ओळखायची एक युक्तीही सांगते. पायरोफॉस्फेटला कॅल्शियम फार आवडतं. खडूच्या पेस्टमध्ये ते घातलं तर दात दिसायच्या आधीच ट्यूबमध्येच खडूला चिकटून बसेल! म्हणून खऱ्या अँटी-टार्टर पेस्टमध्ये पूड बहुतेक सिलिकाची असते. पहिल्या दोन-तीन नावांत कॅल्शियम कार्बोनेट असेल आणि पुढे मोठ्या अक्षरांत ‘टार्टर’ लिहिलेलं असेल, तर जरा भुवई उंचवा.

मग फरक पडतो किती?

हे मोजायची पद्धत अगदी आपल्या मेट्रॉलॉजी लॅबसारखी आहे. आधी सगळ्यांचे दात साफ करून शून्यावर आणायचे. मग एका गटाला साधी पेस्ट, दुसऱ्याला अँटी-टार्टर. काही महिन्यांनी खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागे मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई लावून कीटणाची उंची मोजायची. याला व्होल्पे-मॅनहोल्ड इंडेक्स म्हणतात. अशा चाचण्यांमध्ये नवीन कीटण पाव ते निम्म्यापर्यंत कमी झालेलं दिसलंय. पेस्टप्रमाणे आकडा बदलतो, पण शंभर टक्के कुठेच नाही.

यात दोन अटी दडलेल्या आहेत. पहिली, सुरुवात साफ दातांपासून. बाबांचं गणित इथेच चुकलं. दुसरी, हे सगळं हिरडीच्या वरच्या कीटणाचं. हिरडीच्या खाली, दात आणि हिरडीच्या फटीत जे काळपट कीटण साचतं, त्याला खनिज लाळेतून मिळत नाही, हिरडीतून झिरपणाऱ्या द्रवातून मिळतं. तिथे टूथपेस्ट पोचतच नाही. आणि दात पडायला कारण होतं ते मुख्यतः इथलं. कीटण स्वतः हिरडीला चावत नाही, पण त्याचा खडबडीत पृष्ठभाग म्हणजे बॅक्टेरियांना आयती चाळ. त्यांच्यामुळे हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजतं. दुखत मात्र नाही, हाच घोळ आहे.

थोडं साइड इफेक्टबद्दल. पायरोफॉस्फेटवाल्या पेस्टने काही जणांच्या तोंडाभोवती पुरळ येतं किंवा आत आग होते. तसं झालं तर पेस्ट बदला, ओढून-ताणून वापरू नका. लहान मुलांना कीटण फारसं होत नाही, त्यांना या पेस्टची गरज नसते.

खरवडायचं काम

बसलेलं कीटण काढायला स्केलिंगच लागतं. आणि ते यंत्र बघाल तर मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले खूश होतील. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरतं. काही यंत्रांत मॅग्नेटोस्ट्रिक्शन, काहींत पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल. व्हायवात विचारतात ना, “पिझोइलेक्ट्रिसिटीचं एक ॲप्लिकेशन सांगा”? गॅसचा लायटर सांगून कंटाळला असाल तर हे सांगा. टोक तापू नये म्हणून वर पाण्याचा फवारा. कीटण दातावरून तडकून सुटतं, दात घासला जात नाही.

मग ‘दात हलायला लागतात’ हे काय? बाबांच्या ऑफिसातले काका खोटं बोलत नव्हते. पण आधी हाड झिजलेलं असतं, दात सैल झालेलाच असतो, आणि कीटणाचा दगड शेजारच्या दातांना सिमेंटसारखा धरून असतो. तो काढला की खरी परिस्थिती उघडी पडते. सुजलेली हिरडी उतरते, फटी दिसतात. भेगा पडलेल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर भेगा कॅलेंडर काढल्यामुळे पडल्या असं आपण म्हणत नाही.

आमची आजी, साताऱ्याकडची, आयुष्यभर मशेरी लावत आली. तव्यावर तंबाखू भाजायचा, कुटायचा, बोटाने दातांना चोळायचा. “दात घट्ट राहतात गं,” असं तिचं म्हणणं. मशेरीने कीटण जात नाही, तंबाखूची सवय मात्र लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आजीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुझा बाप तर फेसाने घासतो, त्याचा का पडला?” प्रश्न बिनतोड होता. त्याचंच उत्तर मी इतकी पानं देतेय.

हॉस्टेलवाल्यांसाठी खास

“आम्ही विशीतले, आम्हाला काय धाड भरलीय?” असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. त्यातले नऊ जण डेंटलच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. (कॉलेज कुठलंही असो, बकरा पहिल्या वर्षाचाच!) दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात ठीक झाल्या. म्हणजे सबमिशन, ओरल आणि थिअरी मिळून आपला जो ‘घासू उद्या’वाला महिना जातो, तेवढ्यात हा प्रयोग आपल्यावर होऊन जातो. सुरुवातीला ही सूज पूर्ण परत फिरते. हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही. विशीत हे फुकट आहे, पन्नाशीत नाही.

आता परीक्षेसारखं, थोडक्यात मुद्दे :

- प्लाक रोज निघाला तर त्याचं वय एका दिवसापुढे जातच नाही आणि कडक व्हायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून रोज दोनदा, दोन मिनिटं घासणं हाच पहिला अँटीस्केलंट. पेस्ट नंतर.
- खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, ब्रश उभा धरून. वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तोंड अर्धवट मिटून. लाळेची नळी जिथे, तिथे जास्त लक्ष.
- कीटण लवकर धरत असेल तर आधी स्केलिंग, मग अँटी-टार्टर पेस्ट. उलटा क्रम म्हणजे गंजावर रंग.
- लेबलवर पायरोफॉस्फेट, हेक्झामेटाफॉस्फेट किंवा जस्ताचा क्षार शोधा. फ्लोराइड हवंच. आपल्याकडे त्याची मर्यादा १००० पीपीएम आहे आणि ते ट्यूबवर छापलेलं असतं.
- लिंबू, विटेची पूड, कोळसा, मशेरी, सेफ्टी पिन, कंपासचं टोक : यांपैकी काहीही नको. (शेवटचं मी लेक्चरला प्रत्यक्ष पाहिलंय. नाव सांगत नाही.)
- घासताना रक्त येत असेल तर ‘जोरात घासलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. दाखवून या.

आणि एक विनंती. सुट्टीत घरी गेलात की हे आई-बाबांना वाचून दाखवा. आपल्या आई-बाबांच्या पिढीत ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा नियम पक्का असतो. त्यांना चांगल्यातली पेस्ट भेट द्यायचीच असेल तर जरूर द्या, पण तिच्याबरोबर डेंटिस्टची अपॉइंटमेंटही घेऊन द्या आणि सोबत जा. प्लँटमध्ये शटडाउन मेंटेनन्स टाळला की काय होतं ते आपल्याला पाठ आहे. घरच्या प्लँटलाही तोच नियम लागू.

चला, लेक्चरची वेळ झाली. हसत राहा, आणि तोंड उघडून हसा!